घरी वाचून या

डोंबिवली पश्चिमेच्या त्या शाळेत सीताराम परब अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि या अठ्ठावीस वर्षांत एक धडा त्यांनी एकदाही शिकवला नव्हता. बाकी माणूस शिकवायला भारी. आम्ल-आम्लारी शिकवायचं तर कोपर गावातल्या घरून कोकमाचं आगळ आणि जास्वंदीची फुलं घेऊन येणार. पण माणसाच्या प्रजननाची पानं आली की सरांना नेमका खोकला व्हायचा. "हे सोपं आहे. घरी वाचून या," एवढं बोलून ते पुढच्या धड्यावर उडी मारायचे. आणि मुलं वाचायची बरं का! वर्षाअखेरीला पुस्तकं गोळा केली की तीच चार पानं बोटं लागून काळी झालेली असायची. सरांना ते दिसायचं, पण ते पुस्तक मिटून गठ्ठ्यात ठेवून द्यायचे.

यंदा मुख्याध्यापिका मेघना कांबळे यांनी नववीसाठी नवा तास काढला. वाढतं वय, आरोग्य, आपसातली नाती वगैरे. दर शनिवारी शेवटचा तास. तो घ्यायला कोणी तयार होईना. मराठीच्या बाईंचा घसा धरला, पीटीच्या सरांना मैदानावरची कामं आठवली. उरले परब. त्यांना नाही म्हणता येत नाही हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिले चार शनिवार सरांनी दात, झोप, मोबाइल आणि रस्ता ओलांडण्याचे नियम यांत घालवले. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "सर, एक पेटी ठेवा. मुलांना नाव न लिहिता काय हवं ते विचारू द्या." सरांनी बुटांच्या खोक्याला गणपतीच्या सजावटीतून उरलेला सोनेरी कागद चिकटवला, वर फट पाडली आणि खोकं जिन्याखाली ठेवलं, येता-जाता कोणालाही चिठ्ठी टाकता येईल असं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी खोकं उघडलं. 'गृहपाठ बंद कधी होणार?' 'परब सर मिशी रंगवतात का?' सर मनापासून हसले. मग चौथी चिठ्ठी उघडली आणि हातातला चहा तसाच राहिला.

'सर, मला आजार झालाय. झोपेत कपडे खराब होतात. सहा महिने झाले. व्हिडिओत सांगतात की असं झालं की रक्त संपत जातं. मी कल्याणहून चूर्ण आणून खातोय. घरी सांगू शकत नाही. मी दहावीपर्यंत जगेन का?'

 ही चिठ्ठी सरांच्या ओळखीची होती. चाळीस वर्षांपूर्वी कोकणातल्या गावात, कागदावर नसेल, पण त्यांनी स्वतः हेच सगळं मनात लिहिलं होतं. पंधराव्या वर्षी असंच झालं, आणि चुलतभावाने सांगितलं की हा रोग आहे, याने माणूस झिजून मरतो. झालं, सीतारामाचं जेवण तुटलं. बाजारातल्या एका माणसाकडून आणलेली कडू पूड तो आईपासून लपवून खायचा. आपण काही जगत नाही याची एवढी खात्री पटली होती की स्वतःची कंपासपेटी त्याने धाकट्या भावाला देऊन टाकली आणि दहावीचा फॉर्म भरणारच नाही म्हणून अडून बसला.

मग एक दिवस हिवतापाचा माणूस आला, घरोघर फिरून ताप आहे का विचारणारा आणि भिंतीवर तारीख लिहून जाणारा. त्याने या हाडकुळ्या पोराला खळ्यात गाठून विचारलं आणि पोराने रडत सगळं सांगितलं. तो माणूस खडू खिशात घालत म्हणाला, "अरे वेड्या, हे वयात येताना होतं. मलाही झालेलं, मी मेलो का?" बस, एवढंच. सीतारामाने त्या दुपारी तीन वाट्या पेज खाल्ली आणि भावाशी मारामारी करून कंपासपेटी परत घेतली.

त्या माणसाच्या दोन वाक्यांवर आपण जगलो, शिकलो, मास्तर झालो, आणि तीच दोन वाक्यं अठ्ठावीस वर्षांत एकाही पोराला सांगितली नाहीत! परब सरांना स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती. दरवर्षी पॅड बनवणाऱ्या कंपनीच्या बाई येतात, मुलींना हॉलमध्ये बसवतात आणि मुलांना मैदानावर सोडतात. या मैदानावर खेळणाऱ्यांत आपण मरणार म्हणून दिवस मोजणारा एखादा असेल, हे सरांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मेघना मॅडम चिठ्ठी वाचून काळजीत पडल्या. "सर, हा कोण ते शोधायला हवं. पालकांना बोलवू. तुम्ही तर अक्षरावरून ओळखाल."

ते खरंच होतं. नाव न लिहिलेली उत्तरपत्रिका कोणाची हे परब सर बघता क्षणी सांगत. ही चिठ्ठी डाव्या हाताने लिहिलेली होती, अक्षरं वाकडीतिकडी, पण तेवढ्याने ते फसले नसते. समोर नववीच्या वह्यांचा गठ्ठा होता. सरांनी पहिली वही उघडली, दुसरी उघडली. तिसरीवर हात ठेवला आणि थांबले.

"नको मॅडम. कोणी ओळखू नये म्हणून बिचाऱ्याने डाव्या हाताने लिहिलंय. त्याला पकडलं तर उद्यापासून या पेटीत कोणी काही टाकणार नाही. मी सगळ्यांनाच सांगतो. त्याच्या कानावर गेलं म्हणजे झालं."

"मुलींना हॉलमध्ये पाठवू?"

"नको, बसू देत," सर म्हणाले, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून त्यांना दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी नववीचे बावन्न चेहरे समोर होते. सरांना खोकला आला. तो त्यांनी गिळला. फळ्यावर शीर्षक लिहिताना खडू दोनदा तुटला. मग ते खुर्चीत बसले आणि कंपासपेटी देऊन टाकणाऱ्या मुलाची गोष्ट त्यांनी सुरू केली. झोपेत काय झालं ते सांगताच मागच्या बाकावरचा ऋतुराज फिस्सकन हसला, त्याच्याबरोबर पाच-सहा जण.

"हस रे बाबा. तो मुलगा मात्र सहा महिने हसला नव्हता. त्याचं नाव सीताराम परब."

हसू जागच्या जागी थांबलं. मग सरांना थांबता येईना. हा रोग नाही, वयात येताना शरीरात होणारा बदल आहे. यात रक्त संपत नाही, ताकद जात नाही, कसलंही चूर्ण लागत नाही, आणि जो खात असेल त्याने आजच फेकून द्यावं. कुठे दुखत असेल, जळजळत असेल तर सरळ डॉक्टरकडे जायचं, एकट्याला लाज वाटत असेल तर मी बरोबर येतो, कारण विचारणार नाही. बोलता बोलता सरांची नजर सगळ्यांवरून फिरत होती, पण कोणा एकावर ते ती थांबू देत नव्हते.

पहिल्या बाकावरच्या सान्वीने हात वर केला. "सर, मग आमचं पण सांगा ना. हे लोक ग्राउंडवर असतात आणि नंतर आम्हालाच चिडवतात."

सर कानापर्यंत लाल झाले. पण उठले, आकृती काढली आणि अठ्ठावीस वर्षांचा राहिलेला धडा पुरा केला. घंटा झाली तरी कोणी दप्तर उचललं नाही, हे शाळेच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल.

सोमवारी मॅडमना दोन पालकांचे फोन आले. एक चिडलेले होते, त्यांना मॅडमनी पुढच्या शनिवारी वर्गात येऊन बसायला सांगितलं. दुसऱ्या बाई विचारत होत्या, आठवीतल्या माझ्या भाच्याला या तासाला बसता येईल का.

सरांचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने ऐकलं का? तो त्या दिवशी शाळेत आला तरी होता का? बायकोने विचारलं, "जेवणात लक्ष का नाही?" तर ते म्हणाले, "एका मुलाचा निकाल लागायचाय."

शुक्रवारी खोकं गच्च भरलं होतं. सरांनी एकेक चिठ्ठी बाजूला सारत तळ गाठला. डाव्या हाताचं वाकडंतिकडं अक्षर होतं, ओळ एकच.

'सर, मग मी अकरावीला सायन्स घेऊ का?'

परब सरांनी चष्मा काढला. स्टाफरूममध्ये कोणी बघतंय की नाही याची पर्वा न करता त्यांनी डोळे पुसले.

शनिवारी त्यांनी तास त्या चिठ्ठीपासूनच सुरू केला. "एकाने विचारलंय, सायन्स घेऊ का. खुशाल घे. फक्त गणिताकडे आत्तापासून लक्ष दे." एवढं बोलून सर लगबगीने फळ्याकडे वळले आणि तारीख लिहीत राहिले, कोणाचा चेहरा खुलला ते आपल्याला दिसू नये म्हणून.