तोंडात शिवी, गळ्यात वीणा

खरं सांगायचं तर गेलं वर्षभर माझं देवाशी पटत नव्हतं. दिवा लावायचे, हात जोडायचे आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडण उकरून काढायचे. कारणही तसंच होतं. माझे यजमान चाळीस वर्षांचे माळकरी, गावच्या भजनी मंडळातले. बैलालासुद्धा कधी वावगं बोलले नाहीत. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि सगळं बोलणं गेलं. उरली फक्त एक शिवी. ती मी इथं लिहीत नाही. पाणी हवं असलं की शिवी, पाहुणे आले की शिवी. एक महाराज भेटायला आले, तर हे त्यांच्यापुढं भक्तिभावानं वाकले आणि तीच शिवी हासडली. देवा, काही शिल्लक ठेवायचंच होतं तर तुला हेच सापडलं का?

लातूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून समजावलं होतं. बोलण्याची जागा डाव्या बाजूला असते, तिथलाच रक्तपुरवठा तुटला. यांना बरंचसं समजतं, पण मनातल्या विचाराला शब्द सापडत नाही. शिवी काही विचार करून येत नाही, ती आपसूक येते, मेंदूतल्या दुसऱ्याच वाटेनं, म्हणून ती वाचली. हसण्यारडण्याचा लगामही सैल झालाय, त्याचं मनावर घेऊ नका, असं म्हणाले. आणि शेवटी म्हणतात, "मावशी, यांना गाणं म्हणायला लावा. गाण्याची वाट बहुतेक वेळा शाबूत राहते." माझं डोकंच फिरलं. इथं माणसाला पाणी मागता येईना आणि हे म्हणतात गाणं म्हणा! मी फाईल उचलली आणि शिरूर अनंतपाळची बस धरली.

घरी येणाऱ्या प्रत्येकाकडं एक उपाय असायचा. कुणी तेल सांगे, कुणी उतारा. उपाय सांगून, चहा पिऊन माणसं जायची आणि मी पुन्हा यांच्या समोर. दिवाळीत माझे चुलत सासरे वारले, तर हे प्रेतापुढं खदखदून हसले. मी पदरानं तोंड झाकून यांना ओढत घरी आणलं. डॉक्टरांचं सगळं ऐकलेलं असूनही मला वाटायचं, हे मुद्दाम करतात. एका सकाळी मी भाकरी थापत होते. यांना काहीतरी हवं होतं. मी तांब्या दाखवला, चादर दाखवली, चष्मा दाखवला. प्रत्येक वेळी शिवी. सातव्या का आठव्या वेळी मी उठले आणि यांच्या थोबाडीत दिली. गालावर पिठाची बोटं उमटली. हे रडायला लागले, आणि ते रडणं मारानं आलं की आजारानं, हे मला कळेना. माझा माणूस आत आहे की नाही, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण विचारणार कुणाला? ती थप्पड मी कुणाला सांगितली नाही.

तोवर मी यांना देवळात नेणंही बंद केलं होतं. असलं तोंड घेऊन देवापुढं कसं न्यायचं? घरात कुठं भजन लागलं की हे रडायचे, म्हणून तेही मी बंद करत असे.

चैत्रात गावात सप्ताह बसला. सात दिवस नामाचा गजर अखंड चालतो आणि वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. तासातासाचा पहारा असतो. एकानं वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचं, तास झाला की दुसऱ्यानं घ्यायची. नावांची यादी देवळाच्या फळ्यावर असते. ती लिहायचं काम शेजारच्या दिगंबरभाऊंचं, आणि या भल्या माणसानं गेल्या वर्षीचीच यादी जशीच्या तशी उतरवून काढली. दुपारी तीन ते चारला यांचं नाव. चार ते पाचला वारलेल्या चुलत सासऱ्यांचं!

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी देवळामागं पोळ्या लाटायला गेले होते आणि घरी एकटं ठेववेना म्हणून यांना बाहेर लिंबाखाली खुर्चीवर बसवलं होतं. तेवढ्यात दिगंबरभाऊ धापा टाकत आले. "वहिनी, लवकर चला. दादाच्या गळ्यात ईणा दिली की हो!"

"अहो, कुणी दिली? माईक चालू आहे ना तिथं!"

"यादीत नाव हाय म्हणून आधीच्यानं हाताला धरून आत नेलं, ईणा दिली अन् बस धरायला गेला. म्या न्हाई दिली."

आता सगळा गाव ती शिवी भोंग्यावर ऐकणार. पिठाच्या हातानंच मी धावले आणि दारातच थांबले. हे खांबाला पाठ लावून उभे होते. उजवा हात लोंबत होता, डाव्या हातानं तार छेडत होते आणि गात होते. रामकृष्णहरी. प्रत्येक अक्षर स्वच्छ. आवाज थोडा बसलेला, पण चाल तीच, ठेका तोच. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते हेच, आणि मी रागाच्या भरात वर्षभर यांचं तोंड बंद करून ठेवलं होतं. मी उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडले.

चार वाजले. वारलेला माणूस थोडाच येणार होता! यांचा उजवा पाय थरथरायला लागला. थांबता येईना, बोलावता येईना, हे गात गात दाराकडं बघत राहिले. दिगंबरभाऊ पुढचा माणूस शोधायला आधीच पळाले होते आणि देवळात उरल्या होत्या फक्त बायका. आमच्या गावात बायका वीणा घेत नाहीत. मी हात धुतले आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग डाव्या हातानं वीणा उचलून माझ्या गळ्यात घातली.

वीणा देताघेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, समोर कुणीही असो, ही रीत आहे. मी वाकले. उठून पाहते तर हे खांबाला धरून हळूहळू खाली बसत होते. कुणी धरायच्या आत यांनी माझ्या पायांवर कपाळ टेकवलं. वीणा माझ्या गळ्यात होती, नाम तोडता येत नव्हतं, मला पाय मागं घेता आले नाहीत.

यांचं बोलणं काही परत आलं नाही. शिवी अजून चालू आहे आणि मी अजून चिडते. आता घरात चहा हवा का हेसुद्धा मी भजनाच्या चालीवर विचारते, मग कधी "घेतो" असं उत्तर येतं, कधी येत नाही. दिगंबरभाऊंच्या आळशीपणाला मी देवाची कृपाच मानते, कुणी हसलं तर हसू दे. देवाकडं मी आता यांची वाचा मागत नाही. ज्या माणसाला मी मारलं, त्याचं कपाळ माझ्या पायांवर होतं, आणि मी फक्त नाम घेत उभी होते.