आमच्या घरातून गव्हाला तडीपार केलं तेव्हा

एका रविवारी मी आमच्या घरातून गव्हाला तडीपार केलं.

कारण आमची मनू. पाच वर्षांची आहे आणि तिला गहू चालत नाही. मागे कोणीतरी हातात अर्धं बिस्कीट दिलं तर ओठ बटाटेवड्यासारखे सुजले, आणि मी तिला उचलून अनवाणी दहिसरच्या अर्ध्या बाजारातून दवाखान्यात पळाले (उरलेला अर्धा बाजार बघायला मागून आला). तेव्हापासून मला कणीक दिसली तरी छातीत धडधडतं. पण मनू शाळेतून येऊन रोज विचारणार, आई, पिझ्झा कसा लागतो गं? शेवटी ह्यांनी कुठूनतरी बिनगव्हाच्या पिझ्झ्याचं पाकीट आणलं. त्यावर सगळं इंग्लिश. मी नववीतून शाळा सोडलेली, त्यामुळे मी चित्र बघितलं. चित्रातली बाई हसत होती. म्हटलं, जमेल.

घरात गव्हाचा कण राहायला नको म्हणून सकाळपासून ओटा घासला, पोळपाट-लाटणं घासलं, सासूबाईंना दोनदा हात धुवायला लावले. त्या म्हणाल्या, "गो, पिझ्झो करतंस काय ऑपरेशन?" कणकेचा डबा, रवा, टोस्ट, शेवया, पिठीची वाटीसुद्धा, सगळं उचललं आणि समोरच्या हंसाबेनकडे नेऊन ठेवलं. घर एकदम सुरक्षित!

मग पीठ भिजवलं. ते पीठ नव्हतंच, डिंक होता. बोटं बोटांना चिकटली, लाटणं पिठाला चिकटलं, मी लाटणं उचललं तर खालचा पोळपाटपण वर आला. आता पीठ चिकटलं की बाईचा हात कुठे जातो? पिठीकडे. त्यात डोक्याचा काय संबंध, हात आपला आपण जातो. वाटी जागेवर नाही, म्हणून मी दारातूनच हंसाबेनना हाक मारली, जरा मूठभर पीठ द्या ना. त्यांनी बिचारीने लगेच आणून दिलं. मी वरून भुरभुरवलं, आणि पिझ्झा असा झकास लाटला गेला म्हणता! मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरतेस तू.

तव्यावर झाकण ठेवून भाजला, वर सॉस, चीज, शिमला मिरची. मनू मांडी घालून बसली, तुकडा उचलला, तोंड उघडलं. आणि दारात हंसाबेन.

"पिझ्झा झाला ना? पीठ तुमच्याच डब्यातला दिला, हं. माझा तर चक्कीवर गेलाय."

मी झडप घालून तुकडा ओढला, तर चीजची तार मनूच्या बोटापासून माझ्या कोपरापर्यंत. तिचे हात धुतले, तोंड धुतलं, कान धुतले (कानाने कोण खातं, पण धुतले). मनू रडतेय, मी रडतेय, हंसाबेन कशाला रडतायत त्यांनाच ठाऊक नाही. फक्त हे शांत. तो गव्हाचा पिझ्झा जिन्यात घेऊन गेले आणि एकटे खात बसले. वाया कशाला घालवायचा, म्हणे.

सासूबाईंनी सगळी भांडी परत घासली, हात धुतले (न सांगता), उरलेलं पाकीट भिजवलं आणि मला म्हणाल्या, "भाकरी कधी लाटतत काय? हात पाण्यात बुडव आणि थाप." पिझ्झा वाकडा झाला, एका बाजूने करपला, पण झाला.

मनू खायला लागली. आम्ही चौघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. ओठ नेहमीसारखे. गाल नेहमीसारखे. एक तुकडा संपला, दुसरा घेतला, काही नाही. मी श्वास सोडला आणि माझ्या मानेला खाज सुटली. मग हाताला. मग पोटाला. बघता बघता अंगभर लाल चकंदळं.

"अगं, तू कधी खाल्लास पिझ्झा?" हे म्हणाले.

मी तर चाखलासुद्धा नव्हता. सासूबाईंनी माझा हात उलटासुलटा करून बघितला. "हिका भियान पित्त उठला," म्हणाल्या (म्हणजे भीतीने), आणि आमसुलं भिजवून माझ्या अंगाला चोळत बसल्या.

मनूने माझे लाल झालेले हात बघितले. मग आपलं ताट उचललं आणि माझ्यापासून लांब सरकवलं.

"आई, तू हात नको लावू," ती समजुतीने म्हणाली. "तुला चालत नाही."