दुपारी मुलं कुठे जातात

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. तो आठवडाभर शिरवळच्या कारखान्यात असतो, सांगलीतल्या घरात दुपारी काय चालतं ते त्याला तिथून दिसत नाही. मला दिसत होतं. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजत होतं आणि त्यात माझी सासू, सात वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे तिघंही सामील होते. सहा महिन्यांची धाकटी तेवढी माझ्या बाजूने होती, कारण तिला दूध लागायचं.

मुलांना शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, हा हट्ट माझा. चिनी भाषेचं खूळ मात्र नवऱ्याने आणलं. कारखान्यात चिनी यंत्रं आली. ती बसवायला आलेल्या माणसांनी त्याला एकाच हाताच्या बोटांवर दहापर्यंत आकडे दाखवायला शिकवलं, ते त्याने घरी येऊन मुलांना दाखवलं आणि मुलं त्याच्या मागेच लागली. मग मोबाइलवर धडे लावून मी आणि मुलं स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून शिकू लागलो. तिघांनी बरोबर शिकायचं, कुणी पुढे पळायचं नाही, असं ठरलं होतं. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "चीनची भाषा कशाला गं? त्यांचं आपलं पटतंय होय?" मी म्हटलं, "भांडायला तरी यायला हवी ना, काकू."

मग धाकटी झाली. एका धड्याला तिचं पोट दुखायचं, दुसऱ्याला ताप, तिसऱ्याला मीच बसल्या जागी पेंगायचे. मुलं कुणासाठी थांबणार? ती भराभर पुढे गेली. मदतीला सासूबाई कुंडलहून आल्या, आणि त्या आल्यापासूनच हे सुरू झालं. मुलं आपसात चिनीत बोलायची आणि मी दारात आले की गप्प व्हायची. मला त्यातलं 'नायनाय' कळायचं, म्हणजे आजी. 'उद्या' कळायचं. बाकी सगळं डोक्यावरून जायचं. ज्या भाषेसाठी मी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडले, तीच माझ्या तोंडावर दार लावायला वापरत होती कार्टी. मला भयंकर राग यायचा.

दुपारी धाकटी झोपली की सासूबाई दोघांना घेऊन बाहेर पडायच्या.

"कुठे निघालात आई?"

"देवळात. घरात बसून पोरं आंबल्यात."

देवळात जाऊन आलेल्या मुलांच्या कपाळाला गंध नसायचा. हातावर प्रसादाचा कण नसायचा. आणि मुलीचा जुना स्टीलचा डबा रॅकवरून नाहीसा होऊन संध्याकाळी ओला, घासलेला परत यायचा. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "निवद नेला हुता." डबाभर नैवेद्य, तोही रोज? नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "तू उगाच..." मी फोन ठेवला. म्हटलं, हाही फितूर झालेला दिसतोय. मला खात्रीच पटली की ही मायलेकरं मिळून माझी मुलं परस्पर शाळेत अडकवणार आणि मला शेवटी सांगणार.

एका संध्याकाळी मुलगी मलूल होऊन पडली. अंग किंचित गरम. सासूबाईंनी जुना तवा गॅसवर तापत ठेवला, मुठीत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेतल्या आणि तिला पाटावर बसवलं. दृष्ट काढताना त्यांची एक पद्धत आहे. मूल जिथे जिथे गेलं, ज्याच्या ज्याच्या नजरेस पडलं, ते सगळं नाव घेऊन म्हणायचं. एक जागा जरी गाळली तर तिथली नजर अंगावर राहते, असं त्या मानतात. मी धाकटीला कडेवर घेऊन दारात उभी होते.

"आल्याची, गेल्याची, शेजारनीची, रिक्षावाल्याची, भाजीवालीची..." त्यांची मूठ मुलीच्या डोक्यावरून पायांपर्यंत फिरत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मूठ थांबली. तवा धुरावला. गाळून पुढे गेल्या असत्या तर मला काय कळणार होतं? पण त्यांनी डोळे मिटले आणि जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "शाळंच्या दारातली. वर्गातल्या पोरींची. बाईंची." आणि शेवटी, नेहमीसारखं, "आईची."

तव्यावर मिरच्या पडल्या, सगळी खोकायला लागली. खोकतच मी विचारलं, "कधीपासून नेताय?"

"मी कुटं न्हेतीया? तीच मला वढत न्हेती. आधी नुसती कुंपनाला धरून हुबी ऱ्हायची. मग बाईंनीच बलावलं, बस म्हनल्या मधल्या सुट्टीत. डबा खाती, खेळती, येती. धाकला आनि मी झाडाखाली बसतो. म्हनली, आजी, आईला सांगू नगं."

भांडायची सगळी तयारी माझी झालेली होती, आणि भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. मी पाटाजवळ बसले. मुलीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती भावाकडे बघून चिनीत काहीतरी पुटपुटली.

"मराठीत सांग."

"तू बाळाला घेऊन पण आम्हाला शिकवतेस. मला शाळा आवडली असं सांगितलं असतं तर तुझं सगळं वाया गेलं असतं ना?"

मला रडू आलं आणि ते मिरच्यांवर ढकलायची सोय होती, म्हणून ढकललं.

ताप सकाळी उतरला. दुपारी डबा मीच भरला आणि धाकटीला कडेवर घेऊन मीही निघाले. फाटकाशी मुलीने माझा हात सोडवून घेतला आणि आत पळाली. मधली सुट्टी संपली तरी ती वळून बघेना. बाईंनी मला विचारलं, "नाव घालायचं का?" मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली.

त्या संध्याकाळी मीठ-मोहऱ्या मी घेतल्या. आल्याची म्हटलं, गेल्याची म्हटलं, शाळेच्या दारातली म्हटलं. शेवटची तेवढी उरली. मूठ तशीच मुलीच्या डोक्यावर धरून मी उभी राहिले.

सासूबाई मागून हळूच म्हणाल्या, "म्हन की. ती गाळून चालत न्हाई."