कन्हानची तोंडी परीक्षा

मी नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जितके तास घ्यावे तितकेच पैसे, आणि उन्हाळ्यात तेही नाहीत. अकरावीची मुलं प्रवेश घेतात आणि बाहेर शिकवणीला जातात, त्यामुळे समोर कधी सहा जण असतात, कधी चार. तेही वहीत मान खाली घालून. डिसेंबरात तोंडी परीक्षकांचे फॉर्म आले तेव्हा अर्धी स्टाफरूम ते भरायला बसली होती. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाऊन दहावीच्या मुलांची मराठीची, हिंदीची तोंडी परीक्षा घ्यायची, असं काम.

"तू काहून नाही भरत वं?" शेजारी बसणाऱ्या हिंदीच्या मॅडम म्हणाल्या. "दिवसभर लेकरांचं बोलणं ऐकायचं अन् मार्क द्यायचे. मानधन आहे, गाडीभाडं वेगळं देऊन राहिले."

मानधन मला हवंच होतं. पण ऐकू आलं ते लेकरांचं बोलणं.

या कॉलेजात येण्याआधी तीन वर्षं मी कन्हानच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते. पाचवी ते सातवी एकच तुकडी माझ्याबरोबर वर चढली. बहुतेकांचे वडील कोळशाच्या खाणीत, घरी कुणाकडे हिंदी, कुणाकडे तेलुगू. त्यांच्यात एक मुलगी होती, बिहारकडून नुकतीच आलेली. वर्गात ती मराठीचा शब्द उच्चारायची नाही. तास संपला की टेबलाजवळ यायची आणि धड्यातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कानात सांगायची. सातवीच्या शेवटी तिने एकदा जागेवर उभं राहून कविता म्हटली, अर्धी. उरलेली पुढच्या वर्षी म्हणेन म्हणाली. मे महिन्यात शाळेचा फोन आला, जूनपासून येऊ नका म्हणून. मुलांना सुट्ट्या होत्या. निरोप घ्यायला समोर कुणीच नव्हतं.

फॉर्ममध्ये आवडीच्या केंद्रांसाठी जागा होती. मी कन्हान लिहिलं. खाली विचारलं होतं, या केंद्रावरील शाळेत आपण पूर्वी काम केले आहे का? मी 'नाही' लिहिलं. अगदी सहज लिहिलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक होते नागपुरातल्या महाल भागातले एक सर, निवृत्तीला आलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मुख्याध्यापिका नव्या होत्या, त्यांनी मला ओळखलं नाही. मुलींच्या रांगेने मात्र लगेच ओळखलं. "मॅडम! आपल्या मॅडम आल्या!" मी हसले नाही. कागदांत बघत बसले.

पहिली दोन मुलं झाली. तिसरी जागेवर बसत होती, अजून तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि माझ्या पेनाने उच्चाराच्या रकान्यात पाचपैकी पाच लिहून टाकले होते. मी ते आकडे बघत राहिले. पाचवीत ही मुलगी 'ळ' म्हणताना किती हसायची ते मला आठवत होतं. त्याचेच मार्क दिले होते मी.

मी शेजारच्या वर्गात गेले आणि सरांना सगळं सांगितलं. खोटं लिहिलं तेही.

"आता सांगून राहिल्या तुम्ही?" ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "बाहेर बसा. तुमची यादी मी घेतो, ती तिघंही परत घेतो. रिपोर्टमध्ये लिहावं लागेल मले."

"लिहा, सर."

मी व्हरांड्यात बाकावर बसले. खिडकी उघडी होती. दुपारी ती बिहारकडची मुलगी आत गेली. केवढी उंच झाली होती! चिठ्ठीत विषय निघाला 'आमच्या गावची नदी'. ती कन्हान नदीबद्दल बोलायला लागली. वाळूचे ट्रक, पुलावरून दिसणारं पाणी, आईबरोबर छठच्या पूजेला नदीवर जाणं. "उन्हाळ्यात नदी आटतो," म्हणाली, आणि स्वतःच थांबून "आटते" केलं. शब्द अडला की थांबायची, शोधायची, सापडला की पुढे जायची. मी बाकाची कड धरून बसले होते.

"मराठी छान बोलते गं तू. कुठे शिकली?" सरांनी विचारलं.

मी खिडकीकडे वळले.

"शाळेत," ती म्हणाली.

खरंच होतं ते. तरी मला वाटत राहिलं, अजून एक शब्द येईल. सरांनी पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर आल्यावर ती माझ्यापुढे उभी राहिली. "मॅडम, तुम्ही आमचे मार्क का नाही दिले?"

"मला देता येत नाहीत."

"तेव्हा का गेल्या होत्या?"

"जावं लागलं गं. सांगायला हवं होतं तुम्हाला."

"आम्ही जूनमध्ये रोज विचारायचो," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात, नुसती माहिती होती. फाटकातून मैत्रिणीने हाक मारली, तशी ती वाकून माझ्या पाया पडली आणि पळाली. आता कुठे शिकवता, हे तिने विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

परतताना कामठीपर्यंत सर आणि मी एकाच ऑटोत होतो. रिपोर्टचा विषय त्यांनी काढला नाही. "पोरगी चांगली बोलली," एवढंच म्हणाले, आणि मग मी त्या तुकडीबद्दल बोलत सुटले. कोण कुठे बसायचं, कोणाला जोडाक्षरं यायची नाहीत. ते ऐकत राहिले.

त्यानंतर मला परीक्षकाचं पत्र आलं नाही. यंदाही स्टाफरूममध्ये फॉर्म आले, हिंदीच्या मॅडमना कुहीचं केंद्र मिळालं. त्या परत आल्या की मी त्यांना बसवून विचारते, मुलं काय काय बोलली? त्या म्हणतात, सत्तर पोरं होती, आता काय आठवणार. मी म्हणते, एखादं तरी सांगा.