हक्कसोडीची साडी

भावाच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी दिसली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. भाऊबीज कधीच होऊन गेलेली, घरात लग्नकार्य नाही, मग साडी कशाला? आमच्याकडे बहिणीने वडिलांच्या जागेवरचा हक्क सोडला की तिला साडीचोळी देतात. माझ्या आत्यांनाही तेवढंच मिळालं.

फोनवर मात्र तो म्हणाला होता, वारसांची नावं लावायचीत, ठाण्याला कोर्टापाशी ये, नोटरीसमोर एक सही कर. घोडबंदर रोडच्या मागे माझं माहेरचं घर आहे, आई आणि भाऊ तिथेच राहतात, पुढे मोकळं आवार. वडील गेल्यापासून बिल्डरची माणसं तिथे चहाला येतात. म्हणून डोंबिवलीहून निघतानाच मी ठरवलं होतं, वाचल्याशिवाय पेनला हात लावायचा नाही. नवरा म्हणतो, तुला दूधवाल्याचाही संशय येतो. येतो, कारण दूध पातळ असतं.

नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात बसणारे वयस्कर वकील. भाऊ जिना चढताना म्हणाला होता, "साहेब आपलेच आहेत." आपले म्हणजे नक्की कोणाचे, हे मी मनातल्या मनात विचारलं आणि त्यांच्यावरही नजर ठेवून बसले.

भावाने कागद पुढे केला. मजकुरावर तळहात, सहीच्या जागेवर बोट.

"इथे कर, ताई."

"वाचू दे की."

"काय वाचायचंय त्यात? साहेबांनी बघितलंय सगळं."

"मी काहीच बघितलेलं नाही," वकील म्हणाले. त्यांनी माझं आधार कार्ड मागून घेतलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. "मजकूर माहीत आहे का तुम्हाला?"

"वारसांची नावं लावायचीत ना?"

त्यांनी भावाचा हात बाजूला सारून कागद मोठ्याने वाचला. वडिलांच्या मिळकतीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने भावाला सोडत होते. राजीखुशीने!

"यावर माझा शिक्का कामाचा नाही," ते भावाला म्हणाले. "हक्कसोड दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदवावी लागते. सही माझ्यासमोर झाली आणि ती समजून केली, एवढंच मी लिहून देऊ शकतो. यांना तर कशावर सही करतोय तेच माहीत नव्हतं."

"आमच्या गावात सगळ्यांचं नोटरीवरच झालंय, साहेब."

"झालं असेल. उद्या कोर्टात टिकतं का ते बघा."

खाली रस्त्यावर भाऊ माझ्याकडे न बघता रिक्षा शोधत राहिला. मग पिशवी माझ्या हातात कोंबली. "ठेव. परत कुठे नेऊ आता?" परत दिली असती तर माहेरचा उंबरा तिथेच संपला असता, म्हणून मी घेतली.

घरी येऊन उघडली. जांभळी, मोरपिशी काठांची. अशी एक घ्यायचीय असं मी एकाच माणसाशी बोलले होते, आईशी. भावावर मला संशय होताच, त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. आईवर मात्र आजवर कधी आला नव्हता.

संध्याकाळी आईला फोन लावला. ठाण्याचं काही बोललेच नाही. साडी मिळाली, एवढंच म्हटलं.

"मग," आईने विचारलं, "केलीस ना सही?"