डेलच्या गॅरेजमधली सवत

अमेरिकेत, अल्फारेटात आम्ही तीन-चार मराठी घरं. दर शनिवारी संध्याकाळी कुणाकडे तरी पॉटलक, प्रत्येकीने एकेक पदार्थ न्यायचा. फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांच्या डब्यांसारखे किस्सेही साठत जातात. टाकवत नाहीत, आणि एकेक उघडून बघावंसं वाटतं. माझे बहुतेक डबे समोरच्या घरातल्या डेलच्या गॅरेजमधले आहेत.

डेल म्हणजे रिटायर्ड मेकॅनिक. त्याचा छंद बंदुका जोडायचा. डब्यातून सगळे भाग येतात, फक्त मुख्य तुकड्याला शेवटची भोकं नसतात. आमचे हे पहिल्यांदा बघून आले आणि रात्रीच्या जेवणात दुसरा विषय नाही.

"कायद्याने ती बंदूक नाहीच. भोकं पाडेपर्यंत नुसता अॅल्युमिनियमचा तुकडा. पाडली की बंदूक. स्वतःसाठी केली तर लायसन्स नको, नंबर नको."

"मग तुम्ही करणार?"

"आपण व्हिसावर. बंदूक बाळगायची नाही. मी भोकं पाडायच्या आधी निघून येतो."

म्हटलं, "म्हणजे साखरपुड्याला जेवायचं आणि अक्षतांच्या आधी उठायचं."

हे हसले. दर शनिवारी सकाळी डेलकडे साखरपुडा जेवायला जातच राहिले.

* * *

एकदा डेल आमच्याकडे भजी खायला आला. मी सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी बेताचं. हे माझ्या आत्याचा मुलगा, लग्न आधीच ठरलेलं, इंजिनिअर नंतर झाले. त्यामुळे डेलचं बोलणं हे मला सांगायचे आणि माझं त्याला.

मी सांगितलं, आमच्या मामाची लायसन्सची बंदूक होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची.

डेलने भजं खाली ठेवलं. "स्वतःची बंदूक पोलिसांना द्यायची? आणि कुणाला राग येत नाही?"

"उलट मामी खूश असायची," मी म्हटलं. "तेवढा महिना मामा रानात न जाता घरात थांबायचे."

हे वाक्य यांनी डेलला सांगितलंच नाही.

* * *

आमची ओवी पाच वर्षांची. शाळेत 'माय फॅमिली' काढायला सांगितलं. तिने मला काढलं, स्वतःला काढलं आणि कोपऱ्यात एक घर, दार उघडं.

"आणि बाबा कुठे गं?"

"ही इज इनसाइड, आई. इट्स डेल्स गॅरेज. ही लव्हज इट देअर."

चित्र मी फ्रीजवर लावलं. बरोबर यांच्या नजरेच्या उंचीवर. चार दिवस फ्रीज उघडताना यांना ते दिसलं. पाचव्या दिवशी शनिवार होता.

मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणाने. ओवी कपाटं उघडते. बिस्किटांचा डबा कितीही वर ठेवला तरी खुर्ची ओढून काढते. उद्या यांचं ग्रीन कार्ड आलं की व्हिसाची अडचण संपणार आणि तसाच एक तुकडा आमच्या घरात येणार, भोकांसकट.

* * *

ग्रीन कार्ड आधी आलं ते आमच्या पॉटलकमधल्या कुलकर्ण्यांना. पुढच्याच पॉटलकला त्यांनी आपली जोडलेली बंदूक फोटोत दाखवली. हे दोन पुऱ्यांवर उठले.

घरी येताना गाडीत म्हणाले, "त्याला साधा पंखा बसवता येत नाही. मी बोलावून बसवून दिलाय."

एवढे दिवस मी एकटीच जळत होते. म्हटलं, चला, सोबत मिळाली.

* * *

मग आमचंही कार्ड आलं, आणि त्याच महिन्यात बंदुकीचा डबा. खंडेनवमीला पाटावर यांचा लॅपटॉप, माझी विळी आणि मधोमध तो करडा तुकडा.

"याला पण कुंकू लाव," हे म्हणाले.

लावलं. सवतीला हळदी-कुंकू लावणारी आमच्या घराण्यात मी पहिलीच असेन. लावताना मला वडिलांचं, आबांचं दुकान आठवलं. आबा लोखंडी गेट बनवायचे. शाळा सुटल्यापासून लग्न होईपर्यंत बिजागऱ्यांची भोकं मीच पाडायचे. खंडेनवमीला ड्रिल मशीनला हार घालायचा मानही माझाच. आबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरीचा हात सूतभरही चुकत नाही. डोळे मिटून बोल्ट घाला."

यांना हे माहीत होतं. पण दहा वर्षांपूर्वीचं, आणि गॅरेजमध्ये कुठलं आठवायला.

* * *

दुसऱ्या दिवशी दसरा, शनिवारच. मुहूर्तावर हे तुकडा घेऊन डेलकडे निघाले. यावेळी ओवीला शेजारी ठेवून मीही मागोमाग गेले.

यांनी मशीन सुरू केलं. हँडल दोनदा खाली आणलं, दोनदा वर नेलं.

"मी पाडते," मी म्हटलं.

"तू?"

यांनी सांगितल्यावर डेल हसला. "ज्याने बनवली त्याची. मग ही मॅडमची होईल बरं का."

हे बाजूला झाले. मी तुकडा पकडीत बसवला, हलतोय का ते अंगठ्याने पाहिलं, खूण केली, दोन थेंब तेल सोडलं आणि हँडल ओढलं.

भोक आरपार पडलं. एका बाजूला जागेवर, दुसऱ्या बाजूला पाव इंच खाली.

"गेला," हे म्हणाले आणि स्टुलावर बसले. "कामातून गेला."

डेलने तुकडा उचलून उजेडात धरला. भोकातून माझ्याकडे पाहिलं. मग किंचित तिरप्या ठेवलेल्या पकडीकडे, मग तेलाच्या थेंबांकडे.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "याआधी किती भोकं पाडलीत?"

एवढं इंग्रजी मला कळत होतं. यांना मध्ये घेतलं नाही.

"इन गन?" मी म्हटलं. "फर्स्ट टाइम."