चारही ताटं उत्तम हवीत

शनिवार, सात फेब्रुवारी. सकाळी थोडा गारवा, दुपारी कोरडं ऊन. वारा नाही.

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. जागा बंद झाली की ते माणसांच्या मागोमाग घरी येतात. आमचं परळचं ऑफिस कँटीन बंद होऊन दोन वर्षं झाली. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. रोज चार ओळी लिहायची सवय तेव्हाची. गेल्या तीन आठवड्यांचे किस्से मात्र एका व्हिडिओ गेमचे आहेत, आणि ते सगळे लालबागच्या एकाच खोलीत घडले, बाळामामांच्या.

बाळामामा आमचे मुख्य आचारी. नोव्हेंबरात त्यांच्या जिभेचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून जेवण नाकातल्या नळीतून. डॉक्टर म्हणतात, गिळायचा सराव करा, नळी निघेल. मामांनी एकदा चमचाभर पेज घेतली, ठसका लागला, आणि त्यांनी वाटी भिंतीकडे सरकवली ती सरकवलीच. परवा सोमवारी तपासणी आहे. तोवर काहीच गिळलं नाही, तर नळी थेट पोटात बसवणार.

त्यांची मुलगी सोनल. वेळ जावा म्हणून तिने टॅबवर गेम घालून दिला. एक माणूस बनवायचा. त्याचं घर, भूक, झोप, सगळं आपण चालवायचं. त्यात स्वयंपाकाचं एक चॅलेंज आहे. तो माणूस म्हातारा व्हायच्या आत त्याला दहाव्या लेव्हलला न्यायचं आणि शेवटी चार पाहुण्यांना वाढायचं. चारही ताटांवर 'उत्तम' आलं तरच जिंकलो. सोनलने पुन्हा पेजेचा विषय काढला, तेव्हा मामा जड जिभेने म्हणाले, "ह्यो जिंकांदे, मगे घेतंय."

म्हणून मी आणि आमचा वाढपी कांबळे रोज दुपारी जायला लागलो. मी वही घेऊन.

*

पहिला प्रश्न नावाचा. कांबळेने वेळ घालवला नाही. "गुप्ते साहेब."

गुप्ते म्हणजे आमचं कँटीन बंद करणारे मॅनेजर. सोनलने त्यांना टक्कल दिलं, टाय दिला, बायको आणि दोन मुलंही दिली. पहिल्याच दुपारी साहेब सिंकपाशी उभे राहून सगळ्यांच्या बशा धूत होते. कांबळे टॅबजवळ तोंड नेऊन म्हणाला, "साहेब, कोपऱ्यात राहिलंय."

ऑपरेशननंतर मामांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हसल्यावर नळी हलते आणि दुखतं. त्यांनी लगेच हात वर करून आम्हाला थांबवलं.

*

माझ्या वहीतला पहिला नियम होता: नवख्या माणसाला विस्तवाजवळ नेऊ नका. सुरुवातीला फक्त सॅलड आणि सँडविच. तिसऱ्या लेव्हलनंतर शेगडी.

मामांना हा अपमान वाटला. "कोशिंबीर करून खय आचारी होतत?" त्यांनी साहेबांना थेट मासे तळायला लावलं. अर्ध्या मिनिटात शेगडी पेटली, मग पडदा. साहेब दोन्ही हात वर करून आगीसमोर नुसते ओरडत होते.

कांबळे म्हणाला, "आता मीटिंग बोलावतील."

नवीन शेगडी घेतल्यावर मामांनी मुकाट्याने कोशिंबिरीचं चित्र दाबलं.

*

दुसरा नियम: एकच पदार्थ पुन्हा पुन्हा करा आणि टाकून द्या. हात बसतो, लेव्हल वाढते.

पहिला भाग मामांना पटला. दुसरा नाही. अन्न टाकायचं म्हणजे काय? त्यांनी अकरा पॅनकेक फ्रिजमध्ये भरले आणि शिळे झाल्यावर साहेबांना खायला घातले. साहेब हिरवे पडले आणि खेळातले दोन दिवस बाथरूममध्येच राहिले. खेळात दिवस मोजके असतात. मी ते दोन वजा केले.

*

पाचव्या लेव्हलला सगळं अडलं. चार दुपारी नुसतं 'साधारण'. मी वहीत तीन रकाने आखले: पदार्थ, वेळ, साहेबांची भूक. दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. आचारी उपाशी असला की त्याच्या हातचं ताट 'साधारण' ठरतं. आणि आमचे साहेब कायम उपाशी, कारण मामा आधी बायकोमुलांना वाढायचे, साहेबांना शेवटी. कँटीनमध्ये आचारी चार वाजता जेवायचा, उरलं तर.

मी सुचवलं, साहेबांना आधी जेवू द्या. मामांनी मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा कांबळे म्हणाला, "मामा, तीस वर्षं तुम्ही चार वाजता जेवलात. एकदा तरी कोणी विचारलं?"

मामांनी टॅब जवळ ओढला. मग त्यांनी साहेबांना टेबलाशी बसवलं. त्या दिवशी पहिलं 'उत्तम' आलं. तेवढ्यात मामांच्या जेवणाची वेळ झाली. सोनलने सिरिंज भरायला घेतली आणि आम्ही दोघं गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

*

आज शेवटचा दिवस होता. साहेब दहाव्या लेव्हलला काल पोचले होते, आणि खेळातल्या उद्या सकाळी ते म्हातारे होणार होते. सोनलने पाहुणे म्हणून आम्हा चौघांनाच बनवलं होतं: ती, मी, कांबळे आणि मामा. खेळातल्या मामांना नळी नव्हती.

साहेबांनी आधी स्वतः खाल्लं, मग चार ताटं मांडली. सोनल बसली, उत्तम. मी बसलो, उत्तम. कांबळे, उत्तम.

खेळातले मामा बाल्कनीत जाऊन उभे राहिले. सोनल 'जेवायला या' दाबत होती. ते वळायचे, दोन पावलं यायचे आणि परत जायचे. ताटावरची वाफ कमी होत होती.

"मामा, जा ना जेवायला," कांबळे स्क्रीनला म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्या वेळी तो स्क्रीनकडे बघत नव्हता.

सोनल दाबत राहिली. खेळातले मामा शेवटी आले, बसले. ताट गार झालं होतं. शेरा आला, 'साधारण'. साहेबांचे केस पांढरे झाले आणि चॅलेंज संपलं.

सोनलने टॅब पालथा ठेवला. मामांनी गॅसवरच्या पातेल्याकडे बोट केलं.

पेजेचे तीन चमचे घेतले. दोन खाली उतरले, तिसरा बाहेर आला.